रेपिनच्या चित्रावरून तैलरंगाचा अभ्यास : प्रतिकृती कशी करावी

जुन्या चित्रकाराच्या कामाची प्रतिकृती करून तैलरंग शिकण्याची पद्धत युरोपातील कला अकादमींमध्ये शतकानुशतके चालत आली आहे आणि आपल्याकडेही ती परकी नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती कॅनव्हासवर तैलरंगात केल्या, आणि पेस्तनजी बोमनजींसारख्या चित्रकारांची जडणघडण त्या कामात झाली. प्रतिकृतीतून नेमके काय शिकायचे, याबद्दल मात्र नवशिक्यांच्या मनात बराच गोंधळ असतो. चेहरा हुबेहूब उतरला म्हणजे काम साधले, असे बहुतेकांना वाटते. माझ्या मते हुबेहूबपणा ही फार तर ओघाने मिळणारी गोष्ट आहे. मूळ चित्रकाराने कोणता निर्णय आधी घेतला, कोणता नंतर घेतला आणि काळोख-उजेडाची वाटणी कशी ठरवली, हे हाताने पुन्हा करून पाहणे हा प्रतिकृतीचा खरा हेतू असावा.

नाट्यपूर्ण प्रसंगाचे वास्तववादी चित्र या अभ्यासाला विशेष उपयोगी पडते, कारण त्यातले नाट्य चेहऱ्यावरच्या भावाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, छायाप्रकाशाच्या मांडणीवर उभे असते. येथे उदाहरणासाठी इल्या रेपिन या रशियन चित्रकाराचे ‘इव्हान द टेरिबल आणि त्याचा मुलगा इव्हान, १६ नोव्हेंबर १५८१’ हे चित्र घेतले आहे. ते १८८५ मध्ये पूर्ण झाले आणि आज मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. रागाच्या भरात झारने, म्हणजे रशियाचा सोळाव्या शतकातला सम्राट इव्हान द टेरिबल याने, आपल्याच थोरल्या मुलाच्या डोक्यात राजदंड हाणला आहे, पुढच्याच क्षणी तो भानावर आला आहे, आणि कोसळणाऱ्या मुलाला कवटाळून त्याच्या कानशिलावरची जखम हाताने दाबून धरतो आहे. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली होती, आणि त्या काळातल्या रक्तपाताची छाया या चित्रावर असल्याचे रेपिनने स्वतःच सांगून ठेवले आहे. तिसऱ्या अलेक्झांडरने काही महिने हे चित्र लोकांना दाखवण्यास बंदी घातली होती. रेपिन १९३० मध्ये वारला, त्यामुळे अभ्यासासाठी प्रतिकृती करण्यात स्वामित्वहक्काची अडचण येत नाही.

मूळ चित्र १९९.५ सेंटिमीटर उंच आणि २५४ सेंटिमीटर रुंद आहे. एवढे चित्र नवशिक्याने पूर्ण करायला घेऊ नये. त्याऐवजी दोन वेगळी कामे करावीत. पहिले काम म्हणजे संपूर्ण चित्राचा केवळ काळ्या-पांढऱ्यातला छोटा अभ्यास, ३० बाय ३८ सेंटिमीटरचा, म्हणजे मूळ प्रमाण राखले जाते. दुसरे काम म्हणजे बापाचे डोके, मुलाचे डोके आणि जखमेवरचा हात एवढ्याच भागाची रंगीत प्रतिकृती, ४० बाय ५० सेंटिमीटरच्या उभ्या कॅनव्हासवर. पहिले काम टाळून थेट रंगांकडे जाण्याचा मोह अनेकांना होतो. ज्याला तो आवरत नाही, त्याने प्रतिकृतीच्या वाटेला न जाता सरळ समोर वस्तू मांडून रंगवावे, त्यात त्याचा अधिक फायदा आहे.

छायाचित्र निवडताना सावध राहावे लागते. या चित्राची छापील आणि पडद्यावरची रूपे एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत सगळे चित्र तांबूस दिसते, काहींत तपकिरी, तर काहींत पार्श्वभूमी निव्वळ काळी होऊन बसते. चार-पाच प्रती शेजारी ठेवाव्यात आणि ज्या प्रतीत झारचा काळा झगा आणि मागचा अंधार यांच्यात थोडा तरी फरक जाणवतो, ती निवडावी. तिचीच एक करड्या रंगातली प्रत छापून घ्यावी. मॉस्कोला जाणे बहुतेकांना शक्य नसले, तरी तैलरंगाचा पृष्ठभाग प्रत्यक्षात कसा दिसतो, हे काम सुरू करण्यापूर्वी एकदा डोळ्यांनी पाहिलेच पाहिजे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रे आहेत, आणि सातारा जिल्ह्यात औंधच्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रे आहेत. तेथे चित्रासमोर उभे न राहता बाजूने, तिरप्या नजरेने पाहावे. उजेडाच्या जागी रंग जाड चढलेला आणि सावलीत पातळ ठेवलेला दिसेल. छायाचित्रातून हे कधीच कळत नाही.

साहित्याची यादी लांबवण्याचे कारण नाही. पांढऱ्यासाठी टिटॅनियम व्हाइट, आणि त्याच्या जोडीला यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, रॉ अंबर, आयव्हरी ब्लॅक, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन, अलिझरीन क्रिमसन आणि अगदी थोडा कॅडमियम रेड एवढ्या रंगांत हे काम होते. अलिझरीन प्रकाशाने हळूहळू उडतो, म्हणून त्याचा ‘पर्मनंट’ प्रकार मिळाल्यास तो घ्यावा. शिशाचा जुना पांढरा रंग विषारी आहे, त्यामुळे घरात काम करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. ब्रशांमध्ये डुकराच्या राठ केसांचे ४, ६ आणि ८ क्रमांकाचे फिलबर्ट (चपटे, गोलसर टोकाचे ब्रश) आणि मऊ केसांचा एक बारीक गोल ब्रश पुरतो. त्याशिवाय पॅलेट नाइफ, जवसाचे शुद्ध तेल, टर्पेंटाइन आणि जुन्या सुती कापडाच्या भरपूर चिंध्या लागतात. पैसे वाचवायचे असतील तर ब्रश आणि कॅनव्हासमध्ये वाचवावेत, पण पांढरा रंग चांगल्या प्रतीचा घ्यावा, कारण सर्वांत जास्त तोच खर्च होतो आणि हलक्या प्रतीच्या पांढऱ्यात भरताड अधिक असल्याने सगळी मिश्रणे दुबळी पडतात.

काम सुरू करण्यापूर्वी एक बाब सांगणे भाग आहे. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर त्यात उष्णता साठत जाते आणि तो आपोआप पेट घेऊ शकतो. काम संपल्यावर चिंध्या पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी असावी. ब्रश धुण्यासाठी अनेक जण रॉकेल वापरतात. धुण्यापुरते ते चालते, पण त्यानंतर ब्रश साबणाने स्वच्छ करावा, आणि रंगात मात्र रॉकेल कधीही मिसळू नये, कारण त्याचा तेलकट अंश मागे राहतो.

आता चित्र वाचणे. करड्या प्रतीकडे डोळे इतके बारीक करून पाहावे की तपशील पुसले जातील आणि केवळ डाग उरतील. तसे पाहताच लक्षात येते की झारचा झगा आणि खोलीतला काळोख हा जवळजवळ एकच मोठा गडद डाग आहे, आणि त्या डागाच्या मध्यभागी दोन डोकी, हात आणि मुलाचा फिकट गुलाबी अंगरखा एवढाच उजेड आहे. उलथलेले आसन, विस्कटलेला गालिचा, समोर पडलेला दंड ही सारी कथा मधल्या आणि गडद छटांत, म्हणजे उजळ-गडदपणाच्या खालच्या पायऱ्यांत, दबलेली आहे. घरभर सामान असूनही नजर भरकटत नाही ती यामुळेच. या निरीक्षणाला हाताची जोड द्यायची, ती काळ्या-पांढऱ्या अभ्यासात. पॅलेटवर आयव्हरी ब्लॅक, रॉ अंबर आणि पांढरा यांतून पाच ढीग मिसळून ठेवावेत. सर्वांत गडद, सर्वांत उजळ आणि मधले तीन. ३० बाय ३८ च्या कागदी बोर्डावर किंवा प्रायमर (रंगाखालचा पांढरा अस्तर-लेप) दिलेल्या जाड कागदावर मोठ्या ब्रशने हे पाच ढीगच मांडावेत, मधली मिश्रणे करू नयेत. नाक-डोळे काढू नयेत. खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिले असता प्रसंग ओळखू आला, तर अभ्यास पुरा झाला. ओळखू येत नसेल तर नेहमीचे कारण एकच असते. मधल्या छटांना गरजेपेक्षा जास्त पांढरा मिळालेला असतो आणि त्यामुळे उजेडाला उठून दिसायला जागाच राहिलेली नसते.

येथे या चित्राच्याच आयुष्यातली एक घटना आठवते, आणि ती विषयाला सोडून नाही. जानेवारी १९१३ मध्ये अब्राम बालाशोव्ह नावाच्या एका माणसाने गॅलरीत शिरून सुरीने चित्रावर तीन वार केले. वार चेहऱ्यांवरच होते. वृद्ध रेपिन मॉस्कोला आला आणि त्याने झारचे डोके स्वतःच्या हाताने पुन्हा रंगवले. परंतु मधल्या २८ वर्षांत त्याची रंगदृष्टी बदललेली होती, त्याचे रंग जांभळटाकडे झुकले होते, आणि नवा भाग जुन्या चित्रात बसेना. अखेर गॅलरीचे नवे प्रमुख, चित्रकार इगोर ग्राबार यांनी तो रंग ओला असतानाच काढून टाकला आणि वार झालेल्या जागा जलरंगाने जुळवून घेतल्या. मूळ चित्रकाराचाच हात, मूळ चित्रकाराचीच ओळख, आणि तरीही डोके बसले नाही, कारण प्रत्येक चित्राची छटांची एक ठरलेली पट्टी असते आणि तिच्याबाहेरचा रंग, तो स्वतः कितीही सुंदर असला, तरी त्या चित्रात उपराच ठरतो. आपला पाच ढिगांचा अभ्यास म्हणजे ती पट्टी शोधण्याचे काम होय. रंगीत काम चालू असताना तो अभ्यास ईझलशेजारी टांगून ठेवावा.

रंगीत प्रतिकृतीसाठी कॅनव्हासला प्रायमरचे दोन हात देऊन, वाळल्यावर बर्न्ट अंबरचा पातळ थर टर्पेंटाइनमध्ये पसरवून कापडाने पुसून घ्यावा, म्हणजे पांढरेपणा जाऊन मध्यम तपकिरी पाया मिळतो. पांढऱ्या कॅनव्हासवर प्रत्येक रंग गडद भासतो आणि विद्यार्थी घाबरून सगळेच उजळ करत जातो. तपकिरी पायावर उजेड आणि अंधार या दोन्ही दिशांना सारखेच जाता येते. पाया कोरडा झाल्यावर कॅनव्हासवर ५ सेंटिमीटरच्या चौकटी आखाव्यात, म्हणजे रुंदीत ८ आणि उंचीत १० चौकटी येतात. छापील प्रतीवर निवडलेल्या भागाचे प्रमाणही ४ ला ५ ठेवून तेवढ्याच चौकटी पाडाव्यात. चौकटींच्या साहाय्याने रेखाटणे ही लबाडी नव्हे. मोठी भित्तिचित्रे शतकानुशतके याच पद्धतीने भिंतीवर चढवली गेली आहेत. कोळशाने रेखाटताना बाह्यरेषेपेक्षा सावलीच्या सीमांकडे लक्ष द्यावे. झारच्या डोळ्याच्या खोबणीची सावली, गालफडाखालची सावली, बोटांमधल्या फटी, यांचे आकार नकाशातल्या बेटांसारखे स्वतंत्र आकार म्हणून काढावेत. बसले की पातळ अंबरने त्यांवरून एकदा फिरवून घ्यावे आणि कोळसा झटकून टाकावा.

यानंतरची पायरी पुसून उजेड काढण्याची. सबंध कॅनव्हासवर बर्न्ट अंबरचा थोडा दाट थर टर्पेंटाइनने पसरवावा, खालचे रेखाटन त्यातून दिसत राहील इतकाच. मग बोटाला गुंडाळलेल्या चिंधीने उजेडाच्या जागा पुसत जावे. आधी मुलाचे कपाळ, मग झारचे कपाळ आणि नाकाचा दांडा, मग हाताची पाठ आणि सांधे. ज्या जागा अधिक उजळ, तेथे टर्पेंटाइनचा थेंब लावून चिंधी अधिक दाबावी. अंधाराला हात लावू नये. तासाभरात एकाच रंगात दोन्ही डोकी काळोखातून वर आलेली दिसतात, आणि पांढरा रंग अजून पॅलेटवर काढलेलाही नसतो. या पायरीवर जितका वेळ जाईल तितका द्यावा, कारण येथे चूक सुधारण्याला काहीच किंमत पडत नाही. पुन्हा अंबर फिरवावा, पुन्हा पुसावे. समाधान झाल्यावर थर वाळू द्यावा. अंबरमध्ये मँगनीज असल्याने तो तैलरंगांत सर्वांत लवकर वाळणाऱ्यांपैकी आहे. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस पुरतात, पण कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात आठवडा धरून चालावे. तैलरंग पाणी उडून जाऊन वाळत नाही, तेलाची हवेशी क्रिया होऊन तो घट्ट होतो, म्हणून पंखा लावण्यापेक्षा उजेडाच्या, कोरड्या, हवेशीर जागी कॅनव्हास ठेवणे उपयोगाचे. पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या कॅनव्हासला मागून बुरशी धरते, हेही ध्यानात ठेवावे.

थरांचा एक नियम कधीही मोडू नये : खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात जास्त. पहिला थर केवळ टर्पेंटाइनने, दुसरा दोन भाग टर्पेंटाइन आणि एक भाग तेल अशा मिश्रणाने, तिसरा समसमान मिश्रणाने करावा. तेलकट थर सावकाश वाळतो आणि वाळताना हलतो. त्याच्यावर कोरडा थर चढवला तर वरचा आधी ताठ होतो आणि खालच्याच्या हालचालीने त्याला तडे जातात. आयव्हरी ब्लॅक आणि अलिझरीन हे दोन्ही फार सावकाश वाळणारे रंग आहेत, म्हणून खालच्या थरांत ते शुद्ध स्वरूपात जाड लावू नयेत.

रंग भरताना अंधारापासून सुरुवात करावी. झारचा झगा आणि पार्श्वभूमी यांसाठी आयव्हरी ब्लॅक एकटा वापरला तर कॅनव्हासला भोक पडल्यासारखे दिसते. त्यात बर्न्ट अंबर घातला की काळा उबदार होतो, म्हणजे तपकिरीकडे झुकतो, अल्ट्रामरीन घातला की थंड, म्हणजे निळसर होतो. झगा थोडा थंड आणि मागचा अंधार थोडा उबदार ठेवला, की दोघांची छटा जवळजवळ एकच असूनही ते एकमेकांपासून सुटतात. या भागात पांढरा रंग अजिबात नको. अंधारात पांढरा शिरला की तो भस्मासारखा फिका पडतो. गडद रंग पातळच राहू द्यावा, त्यातून खालचा अंबर थोडा झिरपला तरी चांगलेच.

त्वचेच्या रंगाचे गुपित म्हणून काही सांगण्यासारखे नाही. प्रत्येक चेहऱ्यासाठी उजेड, मधली छटा आणि सावली अशी तीन मिश्रणे आधी पॅलेट नाइफने करून ठेवावीत आणि मगच ब्रश उचलावा. म्हाताऱ्याच्या चेहऱ्याचा उजेड म्हणजे पांढरा, यलो ऑकर आणि लाइट रेडचा अंश. त्याच मिश्रणात रॉ अंबर वाढवला की मधली छटा मिळते, आणि बर्न्ट सिएनामध्ये थोडा अल्ट्रामरीन घातला की सावली. मुलाचा चेहरा रक्त ओसरत चाललेल्या माणसाचा आहे, म्हणून त्याच्या मधल्या छटेत व्हिरिडियनचा अगदी टिपका घालावा, म्हणजे लाली मरते आणि फिकटपणा येतो. दोन्ही चेहरे शेजारी असल्यामुळे हा फरक फार थोडा ठेवला तरी दिसतो, आणि जास्त केला तर मुलगा हिरवा दिसू लागतो.

झारच्या डोळ्यांपाशी प्रत्येक विद्यार्थी अडखळतो. डोळे विस्फारलेले आहेत, बुबुळाभोवतीचा पांढरा भाग दिसतो, आणि म्हणून हात नकळत पांढऱ्या रंगाकडे जातो. करड्या प्रतीवर एका कागदाला छोटे भोक पाडून ते डोळ्याच्या पांढऱ्या भागावर ठेवावे, आणि मग तेच भोक कपाळावर सरकवून पाहावे. डोळ्यातले पांढरे कपाळापेक्षा स्पष्टपणे गडद निघते. पांढरा, रॉ अंबर आणि काळ्याचा अंश असा एक मळकट करडा तेथे लागतो, कडेला पापणीजवळ थोडी तांबूस छटा लागते, आणि चमकेचा एकच थेंब शेवटच्या दिवशी ठेवायचा असतो. डोळे भयाने भरलेले दिसतात ते त्यांच्या गोलाकारामुळे आणि खोबणीतल्या अंधारामुळे. पांढऱ्या रंगाने ते केवळ काचेचे दिसतील.

हाताकडे यावे तेव्हा घाई करू नये, कारण माझ्या मते संपूर्ण चित्राचा कणा तोच आहे. चेहरा झाकून पाहिला तरी पश्चात्ताप त्या हातात शिल्लक राहतो. बोटे आधी बोटे म्हणून रंगवू नयेत. हाताची पाठ हा एक पृष्ठ, बोटांची पहिली पेरे हा दुसरा, पुढची पेरे हा तिसरा, अशा तीन पृष्ठांना तीन छटा द्याव्यात आणि त्यानंतर फटींनी बोटे वेगळी करावीत. रक्त फटींतून बाहेर आले आहे, वरून ओतलेले नाही, म्हणून ते सर्वांत आधी फटींमध्ये, सर्वांत गडद रूपात ठेवावे. अलिझरीन आणि बर्न्ट अंबर यांचे पातळ, पारदर्शक मिश्रण त्यासाठी घ्यावे. जेथे रक्ताचा थर पातळ होऊन त्वचेवर पसरतो, तेथे कडेला लाइट रेड आणि कॅडमियम रेडचा अंश येतो. ओलेपणा दाखवणारी चमक शुद्ध पांढरी नसून थंड फिकट गुलाबी असते, आणि ती एखाद-दुसऱ्या ठिकाणीच, जाड रंगाने, एका स्पर्शात ठेवायची असते. मूळ चित्र प्रदर्शित झाले तेव्हा कला अकादमीतल्या शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापकांनी अशा जखमेतून एवढे रक्त येणार नाही, अशी हरकत घेतली होती. वैद्यकीय दृष्ट्या ती बरोबर असेलही, परंतु प्रतिकृती करणाऱ्याने शिकायचे ते वेगळे आहे. खाली अंथरलेले गालिचे तांबडेच आहेत आणि तरीही रक्त रक्त म्हणून ओळखू येते, ते लाल असल्यामुळे नव्हे तर ते गालिच्याहून गडद आणि ओलसर चमकणारे असल्यामुळे. हात झाल्यावर उरलेला लाल रंग पॅलेटवरून पुसून टाकावा, नाहीतर तो आणखी कोठेतरी लागतोच.

मुलाच्या अंगरख्याचा गुलाबी म्हणजे पांढऱ्यात मिसळलेला लाल नव्हे. पांढरा, यलो ऑकर आणि लाइट रेड यांच्या मिश्रणात सावलीकडे रॉ अंबर आणि काळ्याचा अंश मिसळावा. आपल्या निवडलेल्या भागात त्याची गळ्याजवळची थोडीच पट्टी येते, त्यामुळे तेथे फार रेंगाळण्याची गरज नाही.

कडांचा विचार मात्र शेवटपर्यंत करत राहावा. झारच्या केसांची आणि झग्याची कड मागच्या अंधारात ठिकठिकाणी हरवते, आणि कानशिलावर टेकलेल्या बोटांची कड धारदार राहते. नजर धारदार कडेकडे जाते, म्हणून धारदार कडा मोजक्याच ठेवाव्यात. सर्व कडा सारख्याच रेखीव केल्या तर आकृत्या कातरून चिकटवल्यासारख्या दिसतात, आणि सर्वच मऊ केल्या तर धुके पसरते. पंख्याच्या आकाराचा ब्रश घेऊन सगळे रंग एकमेकांत घोटून गुळगुळीत करण्याची सवय दृक्-श्राव्य धड्यांमुळे फार बोकाळली आहे. रेपिनच्या चित्रात ब्रशचे फटकारे पृष्ठाच्या वळणाप्रमाणे जातात आणि जवळून स्पष्ट दिसतात, तेव्हा ते घोटून पुसण्यात काहीच शहाणपण नाही. ब्रश दांड्याच्या टोकाशी धरावा, हात लांब ठेवावा, तीन-चार फटकाऱ्यांनंतर मागे सरून पाहावे. कॅनव्हास आरशात पाहिला की प्रमाणातली चूक तत्काळ डोळ्यांत भरते.

मुलाच्या डोळ्यातून ओघळणारा अश्रू हा या भागातला सर्वांत लहान तपशील आहे आणि तो सर्वांत शेवटी करावा. अश्रू म्हणजे पांढरा थेंब नव्हे. त्याच्या आत त्वचेचाच रंग किंचित गडद दिसतो, वरच्या कडेला चमकेचा ठिपका असतो आणि खालच्या कडेला उजेड गोळा झालेला असतो. बारीक ब्रशने तीन स्पर्शांत तो होतो. चौथा स्पर्श केला तर बिघडतो, आणि मग तो ओला असतानाच पुसून पुन्हा करावा.

काम चालू असताना काही दिवसांनी गडद भाग निस्तेज, करपल्यासारखे दिसू लागतात. रंग बदललेला नसतो, वरचे तेल खालच्या थराने शोषून घेतलेले असते. थर स्पर्शाला कोरडा असेल तर जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात घेऊन त्याचा अगदी पातळ हात मऊ कापडाने चोळावा आणि लगेच दुसऱ्या कापडाने पुसून घ्यावा. खरी छटा परत येते आणि पुढचा रंग अचूक जुळवता येतो. हे न करता निस्तेज झालेल्या छटेशी नवा रंग जुळवायला गेले तर सगळे चित्र हळूहळू फिके होत जाते. अंतिम वार्निश मात्र किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर थांबून द्यावे.

पूर्ण झालेल्या प्रतिकृतीवर रेपिनची सही काढू नये. मागच्या बाजूला मूळ चित्राचे आणि चित्रकाराचे नाव, ‘प्रतिकृती’ हा शब्द, स्वतःचे नाव आणि वर्ष लिहावे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात परवाना घेऊन प्रतिकृती करणाऱ्यांना तर आकारही बदलावा लागतो, मूळ चित्रापेक्षा किमान एक पंचमांशाने लहान किंवा मोठा. आपल्या प्रतिकृतीत मूळचा छोटा भागच असल्याने हा प्रश्न येत नाही, पण विकताना किंवा प्रदर्शनात मांडताना मूळ चित्राचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

प्रतिकृती वाळत असताना दुसरा कॅनव्हास त्याच अंबरने रंगवून ठेवावा. रेपिनने झारच्या डोक्यासाठी मुख्यतः ग्रिगोरी म्यासोयेदोव्ह या चित्रकारमित्राला आणि मुलासाठी लेखक व्सेवोलोद गार्शिनला बसवले होते. आपणही घरातल्या दोन माणसांना, एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून, एका बाजूने लावलेल्या एकाच दिव्यासमोर बसवावे. दिवा डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर आणि पुढून तिरपा असावा, खोलीतले बाकीचे दिवे बंद असावेत, आणि पॅलेटवर दुसरा लहान दिवा असावा, पण त्याचा उजेड मॉडेलवर पडता कामा नये. वीस मिनिटांनी विश्रांती द्यावी आणि पावलांच्या जागी खडूने खुणा करून ठेवाव्यात. आधी पाच ढिगांचा करडा अभ्यास, मग चिंधीने पुसून काढलेला उजेड, मग तीन-तीन मिश्रणे, हाच क्रम येथेही पाळावा. पहिल्या बैठकीत ब्रश ८ क्रमांकाचाच घ्यावा आणि छोटे ब्रश दुसऱ्या खोलीत ठेवावेत.